प्रकरण तिसरे, श्लोक सतरावा

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. बायकोला नाही, बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. किंवा ओळखत असाल तर माझ्या कंसांवरून ओळखत असाल.

ठाण्याच्या शाळेत मी संस्कृत शिकवतो आणि मासिकांतून निबंध लिहितो. पोरे माझ्यामागे मला कंसमामा म्हणतात. त्यांना वाटते मला ठाऊक नाही. माझ्या निबंधात एकही वाक्य आधारावाचून उभे राहत नाही — विधान संपले की लगेच कंस, आणि कंसात ग्रंथाचे नाव, प्रकरण, श्लोक. आमच्या आधीचे शास्त्री "असे शास्त्रात सांगितले आहे" एवढे म्हणून मोकळे होत; कोणत्या शास्त्रात, कुठे, असे विचारले की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. मुंबईला कॉलेजात असताना मी निराळी रीत शिकलो. जे दुसऱ्याचे आहे ते दुसऱ्याचे म्हणून तिथल्या तिथे सांगायचे, म्हणजे वाचणारा उठेल, पोथी काढील, ताडून पाहील. ही शिस्त मी आमच्याकडे आणली असे लोक म्हणतात. सभांमधून त्याबद्दल दोनदा मानाचा नारळही मिळाला आहे.

तर त्या कंसांतला एक खोटा आहे. (वैधव्याचारदीपिका, प्रकरण तिसरे, श्लोक सतरावा.) असा ग्रंथ नाही. कधीच नव्हता. त्याचे नाव मी ठेवले, त्याचा कर्ता काशीचा पंडित मी जन्माला घातला, आणि तो श्लोक आमच्या माजघरात, डाळीच्या डब्याला पाठ टेकून मी रचला.

नाक मुरडून झाले? मग पुढे ऐका, कारण कबुलीला मी अजून सुरुवातही केलेली नाही.

यमू माझी धाकटी बहीण. कल्याणला दिली होती. नवरा पटकीने दोन दिवसांत गेला आणि ती नौपाड्यातल्या आमच्या घरी परत आली, तेव्हा पंधराची होती. त्या वयात अशी मुलगी परत आली की घरात काय बोलणे सुरू होते, तुम्हाला माहीत असेलच. नाव कोणी घेत नाही. "ते एकदा उरकून घ्यायला हवे," एवढेच. ते म्हणजे न्हावी बोलावणे, केस उतरवणे, विधवेचे तांबडे आलवण नेसवणे. पोर लहान आहे म्हणून वर्षश्राद्धापर्यंत थांबायचे ठरले. यमूने तेवढ्या मुदतीत काय केले? रडली नाही. वेणी घट्ट अंबाड्यात गुंडाळायची आणि वर पदर असा ओढून घ्यायची की आपल्याला केस आहेत हे घरातल्या कोणाच्या ध्यानातच येऊ नये. दाराशी कोणा पुरुष माणसाने हाक मारली की ती चुलीपुढून उठून मागच्या अंगणात जायची. न्हावीच आला असे तिला प्रत्येक वेळी वाटे.

आमचे वडील, अण्णा, दुष्ट असते तर फार सोपे झाले असते. ते दुष्ट नव्हते. लेकीवर त्यांचा जीव होता. ती आल्यापासून ते जेवणात मीठ कमी आहे की जास्त याबद्दल एक शब्द बोलले नव्हते, आणि अण्णांच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट. पण त्यांचा सारा जन्म कलेक्टर कचेरीत शिरस्तेदारीत गेला होता. जगात जे आहे ते दप्तरात असते, आणि जे दप्तरात नाही ते नाही — ही त्यांची श्रद्धा. मी कळवळून सांगितले, की अण्णा, ही चाल निर्दय आहे, हिचा हट्ट धरू नका. ते शांतपणे म्हणाले, "निर्दय असेल. आधार दाखव. कोणता ग्रंथ, कुठले प्रकरण, काय शब्द आहेत? दाखव, मी आज न्हाव्याला नको म्हणून सांगतो."

मी शोधले. माझ्यावर हा एक आरोप तरी करू नका की मी शोधले नाही. मिळाले तेवढे ग्रंथ पालथे घातले. एकात थोडे आपल्या बाजूचे, तर दुसऱ्यात उघड विरुद्ध. आणि जे आपल्या बाजूचे त्याचा उलटा अर्थ लावून दाखवायला आमचे नातेवाईक शास्त्री तयारच बसलेले. अण्णांना हवा होता तसा, ज्याच्यापुढे कोणाला तोंड उघडता येणार नाही असा स्वच्छ आधार कुठेच नव्हता. वर्षश्राद्ध जवळ येत होते.

मग मी तो केला. ओहोटी लागली म्हणून खाडी आपल्या काठची तिवरे उपटून टाकीत नाही. पती गेला म्हणून स्त्रीने केस टाकावेत, हे कसे? असा त्याचा अर्थ. त्याभोवती निबंध लिहिला, खरे आधार पुष्कळ घातले, आणि त्यांच्या मधोमध हा बसवून दिला, कंसासकट. मासिकात छापून आला. अण्णांनी चष्मा लावून दोनदा वाचला. मग विचारले, "सतरावा इथे आहे. अठराव्यात काय म्हटले आहे?" मी म्हटले, तेवढे पान वाळवीने खाल्ले आहे. त्यांनी मान हलवली. वाळवी त्यांना कचेरीतून चांगली परिचयाची होती.

याबद्दल मला लाज वाटावी अशी तुमची अपेक्षा असेल तर पुस्तक मिटा. मला वाटत नाही. तेव्हा वाटली नाही, आज एवढे वय झाल्यावरही वाटत नाही. कोणीतरी कधीतरी लिहून ठेवले एवढ्यावर पंधरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर वस्तरा फिरतो. मग मीही लिहिले! त्यांचे जुने होते, माझे नवे होते, एवढाच फरक. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा लिहीन, आणि या खेपेस अठरावा श्लोकही तयार ठेवीन.

पण अण्णा पडले कचेरीचे. त्यांनी मासिक मिटले आणि म्हणाले, "साक्षीदार एकच झाला. एका साक्षीवर मी निकाल देत नाही. ही पोथी दुसऱ्या कोणी पाहिली आहे का?"

इथे गोविंद येतो. गोविंद आणि मी कल्याणला एकाच गुरुजींच्या पाठशाळेत शिकलो, एका पाटावर बसून. मी पुढे मुंबईला गेलो, तो तिथेच राहिला आणि त्याच पाठशाळेत शिकवू लागला. माझ्यापेक्षा त्याची बुद्धी सरस होती, आणि लिहिण्याचा आळस त्याहून मोठा. त्या आठवड्यात मी काही कामाने कल्याणला गेलो होतो. पारनाक्यापासून खाडीपर्यंत चालता चालता मी त्याच्यापाशी अण्णांच्या नावाने बोटे मोडली — म्हातारा दुसरा साक्षीदार मागतो आहे, आता कुठून आणू? पोथी खोटी आहे हे मी त्याला सांगितले नाही. त्याने ती दाखव असे म्हटले नाही. "यमू कशी आहे?" एवढेच विचारले. लहानपणी सुटीत तो आमच्याकडे येई तेव्हा यमू त्याला ताक नेऊन देई आणि त्याच्या शेंडीची थट्टा करी, एवढीच काय ती त्यांची ओळख.

पुढच्याच अंकात गोविंदाचा निबंध आला. ज्याने जन्मात कधी निबंध लिहिला नव्हता त्याचा! त्यात तोच श्लोक, तोच कंस, आणि खाली एक ओळ — "सदर पोथी आम्ही स्वतः पाहिली आहे." माझे नाव त्यात कुठेच नव्हते. नव्हतेच येणार, माझ्याकडून घेतले असे लिहिले असते तर तो दुसरा साक्षीदार कसा झाला असता?

अण्णांनी निकाल दिला. वर्षश्राद्धाच्या दिवशी न्हावी दाराशी आला तो नारळ घेऊन परत गेला. यमू त्या दिवशी मागच्या अंगणात गेली नाही.

मला त्या निबंधाचा राग आला होता, असे मी स्वतःला पुष्कळ वर्षे सांगत आलो. नसलेली पोथी याने पाहिली कुठे? न पाहता पाहिली म्हणणारा, दुसऱ्याचा आधार आपला म्हणून घालणारा — आमच्या धंद्यात याहून हलके काम नाही, असे मी मनाशी म्हणत असे. हा राग ध्यानात ठेवा. याच्याकडे परत यायचे आहे.

दोन्ही निबंध छापले गेले तशी चर्चा वाढली, आणि त्यावर कल्याणला देवळाच्या सभामंडपात सभा भरली. मी ठाण्याच्या मंडळींबरोबर गेलो होतो. बाहेरगावचे एक वृद्ध शास्त्री उठले. त्यांनी मोठ्या आवाजात श्लोक म्हणून दाखवला आणि विचारले, "ग्रंथकर्ता काशीचा, असे लिहिले आहे ना? काशीस गंगेला भरती नाही, ओहोटी नाही. तिवराचे एक झाड नाही. या पंडितांनी ही खाडी पाहिली तरी कुठे?"

सारा मंडप हसला. आणि मीही मनात म्हटले, अरे गाढवा! खाडीकाठी जन्मलो, खाडीकाठी शिकलो. पाण्याला उतार लागतो हे जगात सगळीकडेच होत असेल असे धरून चाललो होतो. कंस इतका चोख घातला आणि आत चिखल ठाण्याचा! हसू येते का? येऊ द्या.

शास्त्रीबुवा गोविंदाकडे वळले, कारण पाहिल्याची ग्वाही त्याने दिली होती. "आपण पोथी पाहिलीत?"

"पाहिली."

"कोणाकडे? कुठे?"

गोविंद उभा होता. त्याने मंडपात नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. जाब विचारणारी नव्हती ती. वर्गात पुढचा चरण आठवत नसला की आम्ही एकमेकांकडे पाहायचो, तसा पाहत होता. मी उपरण्याची घडी उलगडली. पुन्हा घातली. तो म्हणाला, "पाहिली आहे. याहून जास्त मी सांगत नाही," आणि खाली बसला. मग अध्यक्षांनी मला विचारले. मी म्हटले, टिपणे पाहून उत्तर द्यावे लागेल, मासिकातून देईन. माझा आवाज कापला नाही. मास्तरांचा कापत नाही.

मी उत्तर दिले. त्याला तुम्ही काय म्हणाल ते म्हणा. लिहिले, की पोथीचा कर्ता मूळचा कोकणातला, उतारवयात काशीस जाऊन राहिलेला. म्हणून श्लोकात खाडी. पोथीचा मालक आता परगावी गेला आहे. आणि शेवटी हे लिहिले — शब्द मला पाठ आहेत: "गोविंदशास्त्री यांनी पोथी पाहिलेली नाही. त्यांनी आमच्या निबंधातील आधार आमचा नामनिर्देश न करता उतरून घेतला व तो स्वतः पाहिल्याचे लिहिले. अशा वर्तनाने विद्येस बट्टा लागतो."

पुन्हा वाचा. त्या शेवटच्या भागात एक तरी शब्द खोटा आहे का? त्याने पोथी पाहिली नव्हती. माझे नाव दिले नव्हते. सारे खरे! जन्मात इतके खरे मी एका जागी कधी लिहिले नसेल.

महिन्याच्या आत पाठशाळेच्या यजमानांनी गोविंदाला काढून टाकले. कथा-पुराण सांगायलाही कल्याणात त्याला कोणी बोलावीना. बायकोमुलांना घेऊन तो आंबिवलीच्या पुढे एका खेड्यात गेला. माझे नाव मात्र वाढले. आधाराच्या बाबतीत हा मनुष्य मित्राचीही गय करीत नाही, असे लोक बोलू लागले. पहिला नारळ मिळाला तो त्याच वर्षी.

हे मी यमूसाठी केले. दोन्ही साक्षी पडल्या असत्या तर अण्णांनी न्हाव्याला पुन्हा बोलावले असते. एक तरी वाचवायलाच हवी होती. माझी स्वतःची समजूत मी अशीच घालत आलो.

थांबा. हेही खोटे आहे.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी मला ओसरीवर बोलावले. त्यांच्या कानावर सारे गेले होते. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "दिलेला निकाल मी फिरवत नसतो. तिच्या केसांना आता कोणी हात लावणार नाही. पोथी असो की नसो." आणि आत गेले. म्हातारा सगळे समजला होता असे मला आज वाटते. मी उत्तर लिहायला बसलो ते त्यानंतर. त्यानंतर! यमू सुरक्षित होती. जे वाचवायचे राहिले होते ते एकच — शाळेतली माझी खुर्ची आणि माझे कंस.

आणि तो राग? तो नव्हताच. गोविंदाचा निबंध हातात पडला त्याच क्षणी मला कळले होते की याला सर्व माहीत आहे. कसे, ते सांगतो. आमच्या गुरुजींची शेंडी फार विरळ झाली होती, पण तिला तेल लावून गाठ मारण्याची त्यांची हौस काही सुटेना. एका दुपारी खाडीच्या काठावर पाय सोडून बसलो असता मी त्यावर चरण केला: ओहोटी लागली तरी खाडी तिवरे सोडत नाही. गोविंद हसून हसून लोळला होता. पुढे यमूसाठी श्लोक करताना तोच चरण मी आयता उचलला. तो त्याने ओळखला नसेल? आणि ओळखूनही त्याने खाली लिहिले, की आम्ही स्वतः पाहिली आहे. माझ्या बहिणीला दुसरा साक्षीदार हवा होता म्हणून तो झाला. हे सारे माहीत असताना त्याला मी चोर ठरवले, छापून ठरवले.

तो एकदाच भेटला, पुष्कळ वर्षांनी. शाळांच्या परीक्षा घेत मी त्या बाजूला हिंडत होतो आणि एका खेड्यातल्या ओसरीवर पोरांना लेखन घालणारा पंतोजी तोच निघाला. मी मागे फिरणार होतो. त्यानेच हाक मारली.

"अरे विष्णू! ये ये. उन्हाचा आलास, आधी ताक घे."

मी ताक घेतले. पोरांची परीक्षा घेतली. पोरे हुशार होती. मग मी म्हटले, "गोविंदा, त्या वेळी तू तसे लिहायला नको होतेस."

"कसे?"

"की पोथी पाहिली."

तो हसला. दात पडले होते त्याचे. "मग खोटे काय लिहिले रे? श्लोक केलास तेव्हा मी शेजारीच बसलेलो की. पाहिला तो पाहिलाच." मग म्हणाला, "यमूचे केस कसे आहेत?"

"पांढरे झाले," मी म्हटले.

"म्हणजे आहेत तर," तो म्हणाला, आणि माझे रिकामे भांडे आत ठेवायला गेला.

मी क्षमा मागितली असेल असे तुम्हाला वाटते आहे का? तो आतून येईपर्यंत मी गाडीवानाला बैल जुंपायला सांगितले होते. तो अजून तिथल्या कोणाला तरी माझी ओळख करून देत होता — आमचे बालमित्र, फार मोठे विद्वान — तेव्हा मी गाडीत बसलो. गेल्या श्रावणात तो गेल्याचे कळले. तिकडूनच कोणीतरी शाळेत सांगून गेले.

मग आता का लिहितो आहे? माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने आधार कसे द्यावेत यावर पुस्तक लिहिले आहे. परवा घरी आणून पायांवर ठेवले. चांगले आहे, कंस जिथल्या तिथे आहेत. त्यात एके ठिकाणी लिहिले आहे, की काही लोक न पाहिलेला ग्रंथ पाहिला असे सांगतात, जसे कल्याणचे गोविंदशास्त्री. आणि पुढे कंस. कंसात माझे नाव, मासिकाचे नाव, अंक. कोणी उठेल, मासिक काढील, ताडून पाहील, आणि ते बरोबर निघेल. गोविंद असा माझ्या कंसात पडून राहील, आणि मीच शिकवलेली पोरे त्याला पिढ्यान्‌पिढ्या तिथून उतरून घेत राहतील.

ग्रंथ नव्हता, हे मी मान वर करून सांगतो. ज्यांना माझे दोन्ही नारळ परत हवे असतील त्यांनी यावे. यमू पलीकडे बसून वाती वळते आहे. हे छापून आले की तीही वाचील, मीच तिला वाचायला शिकवले आहे. तिने मला काय म्हणावे हे मी तिला सांगणार नाही, आणि तुम्हालाही नाही. पण श्लोक अजून लोकांच्या तोंडी आहे, आणि मी कंस घातल्यावाचून लिहीत नाही, म्हणून त्याचा आधार इथे देतो.

ओहोटी लागली म्हणून खाडी आपल्या काठची तिवरे उपटून टाकीत नाही. (कल्याण, खाडीचा काठ. रचणारा मी. पाहणारा गोविंद.)